घरच्या माणसाचा नंबर

माझी वहिनी दात करते. पोस्टात नव्याने लागले तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काढते म्हणायचंय का तुला?" काढतात ते डॉक्टर. वहिनी करते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन तिच्याकडे पाठवतात. ती मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढते, साच्यावर मेणात एकेक दात बसवते, मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून तो शिजवते, घासते, चकचकीत करते आणि डबीत घालून परत पाठवते. ज्याच्या तोंडात ती कवळी जाते त्याला वहिनी कधीच दिसत नाही. आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं तिच्या दातांनी हसतात आणि रस्त्यात तिला ओळख देत नाहीत.

ती मात्र त्यांना बरोबर ओळखते. बाजारात माझ्याबरोबर चालता चालता हळूच कोपर मारते. "तो बघ, निळा शर्ट. वरची माझी, खालची दुसऱ्या कुणाची तरी."

"तुला कसं कळलं?"

"खालची बघ ना कशी वागतेय."

लग्न होऊन आली तेव्हा ती एका जुन्या लॅबमध्ये नोकरी करायची. तिथल्या मालकांना सगळे गुरुजी म्हणत. अकरा वर्षं तिने त्यांच्या हाताखाली काढली. गुरुजींचा हात थरथरायला लागला तसं त्यांनी दुकान आवरलं आणि घासायची मोटार वहिनीच्या हातात ठेवून म्हणाले, "आता तूच काहीतरी सुरू कर. दुसऱ्याच्या हाताखाली तुझं काही खरं नाही, तू फार उलट बोलतेस."

झालं. घरातली पुढची खोली वहिनीची लॅब झाली. माझा भाऊ, म्हणजे दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने भिंतीला फळ्या ठोकल्या, मसाल्याचा उग्र वास बाहेर जायला पंखा बसवला आणि "मी एवढंच करू शकतो" असं म्हणून पुन्हा आपल्या लिफ्टकडे गेला. दादा एका दिवसात बोलतो ते शब्द पोस्टकार्डावर मावतील.

वहिनीने स्वतःच्या जबाबदारीवर केलेली पहिली कवळी बाबांची. बाबा म्हणजे आमचे वडील. चौतीस वर्षं त्यांनी बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. निवृत्त झाल्यावर पंधरा वर्षांनी शेवटचे चार दातही गेले आणि बाबा वहिनीसमोर स्टूलावर येऊन बसले. म्हणाले, "दिसायला कशीही कर. मला 'स' स्वच्छ हवा." वहिनीने मेणातले पुढचे दात चार वेळा हलवले. दर वेळी बाबा तोंडात घालून म्हणायचे, "सहा सव्वीसची साधी बस फलाट क्रमांक सातवरून सुटेल." तीन वेळा 'श' आला, शीळ आली. चौथ्यांदा 'स' असा खणखणीत आला की स्वयंपाकघरातून दादाने टाळी वाजवली.

तेव्हा तिच्याकडे चार डॉक्टरांचं काम यायचं. तीन वर्षांत सतरा जणांचं यायला लागलं.

हात चांगला आहे ही गोष्ट लपून राहत नाही. माणसं यायला लागली, डब्या यायला लागल्या, फोन तर बंद म्हणून होईना. आधी पुढची खोली भरली, मग जिन्याखालची जागा, मग जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा. फळ्यांवर जबड्यांच्या रांगा. माझी भाची, जिला आम्ही चिमणी म्हणतो कारण तिची चिवचिव झोपेतच काय ती थांबते, ती सोंगट्या हरवल्या की बिनधास्त चार दाढा उचलायची आणि खेळ पुढे चालू. मसाला शिजवायला वहिनीने स्वतंत्र कुकर घेतला होता. एका दुपारी दादाने भाताचा म्हणून तोच उघडला. आत दोन जबडे त्याच्याकडे बघून हसत होते. दादाने झाकण परत लावलं, बाहेर जाऊन बिस्किटं खाल्ली आणि येताना लाल रंगाचा डबा आणून त्या कुकरवर मोठी फुली मारली.

आम्ही या सगळ्यावर हसायचो. वहिनीही हसायची. पण ती जेवायची उभ्याने, एका हाताने, दुसऱ्या कानाला फोन लावून. "पाच मिनिटं, आलेच" हे तिचं पालुपद. आमच्या घरात ते वेळेचं मापच झालं होतं. चिमणी शाळेत जाताना म्हणायची, "पप्पांची पाच मिनिटं का आईची पाच मिनिटं?" कारण पहिली म्हणजे पाच मिनिटं आणि दुसरी म्हणजे दीड तास. एकदा पालकसभेला वहिनी गेली खरी. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या मुख्याध्यापिका? वहिनी म्हणाली, "त्यांच्या वरच्या डाव्या दातांचा ब्रिज फारच वाईट केलाय गं कुणीतरी."

सगळ्यात जास्त फोन एका डॉक्टरांचे यायचे. मोठा दवाखाना, चार खुर्च्या, आणि प्रत्येक काम 'उद्या'. चिमणीने त्यांचं नाव ठेवलं घाईडॉक्टर. त्यांचा फोन वाजला की वहिनीच्या हातातलं असेल ते खाली. घास असला तरी.

याच काळात बाबा गप्प होत गेले. मी दर रविवारी माहेरी यायची. दहा मिनिटांवर तर राहते. बाबा मागच्या अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत असायचे. पूर्वी मला बघून ते फाटकापासूनच घोषणा करायचे, "पोस्टाची गाडी अर्धा तास उशिराने येत आहे!" ते बंद झालं. विचारलं की मान हलवायचे. आमच्याबरोबर जेवायलाही बसेनासे झाले. "तुम्ही बसा, मी नंतर घेतो." नंतर म्हणजे दुधात बुडवलेला पाव. मी दादाला म्हटलं, "बाबांचं वय झालं रे." दादा म्हणाला, "हूं."

तो मंगळवार मला चांगला आठवतो. माझ्या घरी नळ दुरुस्त करायला माणूस येणार म्हणून मी रजा टाकली होती. तो अर्थातच आला नाही. अकराच्या सुमारास मी माहेरी गेले, म्हटलं वहिनीच्या हातचा चहा तरी पदरात पडेल. वहिनी पुढच्या खोलीत सकाळी आलेल्या डब्या उघडत होती. नदीपलीकडच्या एका डॉक्टरांनी पाठवलेलं माप होतं. चिठ्ठीवर पेशंटचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पुरुष, वय शहात्तर, वरची-खालची पूर्ण कवळी. आदल्या दिवशी केलेल्या एका साच्याच्या कडा ती माझ्याशी बोलत घासत होती. मग तिने या मापात प्लास्टर ओतलं, ते घट्ट होईपर्यंत आम्ही चहा घेतला, आणि माप उकलून तिने साचा हातात घेतला.

ती बोलायची थांबली. वहिनी वाक्याच्या मध्ये थांबली, असं मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"काय झालं?"

तिने साचा खिडकीपाशी नेला. टाळूच्या मधोमध शेंगदाण्याएवढा उंचवटा होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला. मग खालचा साचा घेतला, डावीकडे मागे हिरडीला एक खाच होती, त्यात करंगळीचं नख घालून बघितलं.

"हे बाबा आहेत," ती म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. पण तिचा चेहरा त्या प्लास्टरसारखा झाला होता.

"हा उंचवटा मी चार वेळा मोजलाय गं. ही खाच, त्यांची दाढ काढताना हाड गेलं होतं तिथली. आणि हिरडी बघ किती झिजलीय. माझी कवळी या तोंडात राहतच नसणार. नुसती लोंबत असणार."

ती साचा हातात धरूनच मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग. बाबा पेपर उघडून बसले होते.

"बाबा, तुम्ही दाताच्या डॉक्टरांकडे गेला होतात?"

पेपर हलला नाही. "कोण म्हणतं?"

"तुमची टाळू म्हणते."

पेपर खाली आला. बाबांनी साच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "पण ते नदीपलीकडचे आहेत," ते म्हणाले. "मुद्दाम लांबचे शोधले. दोन बस बदलून गेलो."

"दोन महिन्यांपासून त्यांचं काम माझ्याकडेच येतं."

बाबांना हसू आलं. खांदे हलत होते, पण तोंडावर हात होता. बाबा तोंडावर हात धरून कधीपासून हसायला लागले, हे मला आठवेना. दर रविवारी समोर बसत होते मी.

"मला का नाही सांगितलंत?" वहिनीने विचारलं.

"सांगितलं की. दोनदा." आवाजात तक्रार नव्हती. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. "तू म्हणालीस, रविवारी बघते. रविवारी घाईडॉक्टरांचं काम आलं. मग मी विचार केला, तुझ्याकडे माणसं नंबराने येतात. घरच्या माणसाला नंबर नसतो. पेशंट म्हणून गेलं तर नंबर लागेल."

वहिनी पायरीवर बसली. दोन्ही हात पांढरे, मांडीवर सासऱ्यांचा जबडा. "किती दिवस नुसता पाव खाताय?"

"मला आवडतो पाव."

"बाबा."

"सात-आठ महिने."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वहिनीच्या अंधारात मी माझाही हिस्सा मोजला. 'वय झालं' म्हणून मोकळी झालेली मीच होते.

वहिनी डोळे पुसून उठली, प्लास्टर कपाळाला लागलं. "आजच घेते हातात. बाकी सगळं बाजूला."

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. "माझ्यापुढे किती जण आहेत?"

"असतील अकरा. पण..."

"मग मी बारावा."

"बाबा, काहीतरीच काय! घरचे आहात तुम्ही!"

"चौतीस वर्षं रांग मोडणाऱ्यांना मागे पाठवलं. साहेबांच्या मेहुण्याला पाठवलं. आता स्वतः घुसू? त्या अकरा जणांच्या घरीही कुणीतरी पाव खातंय." आणि पेपर पुन्हा वर गेला. विषय संपला.

मग वहिनीने ते अकरा जण नंबराने घेतले. घेता घेता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. अकरातली चार कामं घाईडॉक्टरांची, चारहीवर लाल शाईने 'तातडीचे'. दोन दिवसांनी तिने त्यांच्या दवाखान्यात फोन करून सहज विचारलं, मागच्या आठवड्यात रविवारी बसून करून दिलं होतं ते काम पेशंटला नीट बसलं का? तिथली मुलगी म्हणाली, "कुठलं? हां, ते ना! ते अजून ड्रॉवरमध्येच आहे. पेशंट गावाला गेलेत, पंधरा दिवसांनी येतील."

वहिनीने फोन ठेवला आणि दात-ओठ खाल्ले. तिचे स्वतःचेच आहेत, म्हणून जमलं.

बाबांच्या कवळीची मेणातली चाचणी नदीपलीकडच्या दवाखान्यात झाली. वहिनी बरोबर गेली. एवढ्या वर्षांत आपली कवळी माणसाच्या तोंडात जाताना तिने घराबाहेर पहिल्यांदाच पाहिली. डॉक्टरांना तर हे पेशंट तिचे सासरे आहेत हेच माहीत नव्हतं. बाबा खुर्चीत ताठ बसले, जीभ फिरवून बघितली आणि भरदार आवाजात म्हणाले, "सहा सव्वीसची साधी बस फलाट क्रमांक सातवरून सुटेल." बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईंनी पिशवी उचलली आणि इकडे तिकडे बघायला लागल्या.

चार दिवसांनी पक्की कवळी आली. त्या दिवशी बाबा सगळ्यांबरोबर टेबलावर बसले आणि सफरचंद चावून खाल्लं. कर्र आवाज झाला. चिमणीने लगेच दुसरं सफरचंद त्यांच्यापुढे सरकवलं.

आता वहिनीला अशी उपरती झाली म्हणजे सगळं सरळ झालं असेल, असं वाटत असेल तर तुम्ही वहिनीला ओळखत नाही. तिने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, "सहाला लॅब बंद. रविवार बंद. जेवताना फोन बंद." एका दमात तीन बंद. ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी चिमणीने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "आई, बाथरूममध्ये तू कुणाशी बोलतेस? हा 'ए-टू पिवळसर' कोण आहे?"

ए-टू ही दाताच्या रंगाची छटा. वहिनीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा. "मग काय करू?" ती वैतागली. "नाही म्हटलं की काम जातं. हो म्हटलं की घर जातं. मी एकटी आहे!"

तेव्हा बाबा बोलले. आता त्यांना बोलायला सोपं जात होतं. "तू बस थांबवतेस," ते म्हणाले.

"कसली बस?"

"वेळेवर सुटणारी बस असते ना, तिच्यासाठी लोक धावत येतात. माहीत असतं, ती थांबायची नाही. आणि जी हात दाखवला की थांबते, तिच्यासाठी कुणी धावत नाही. शिवाय आत बसलेले शिव्या देतात. तू सगळ्यांना सांगतेस, लवकरात लवकर देते. ही काय वेळ झाली? लवकरात लवकर नावाची गाडी मी चौतीस वर्षांत एकदाही पुकारली नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा पट्टी आणि जाड कागद घेऊन बसले आणि त्यांनी वेळापत्रक आखलं. पूर्ण कवळी, दहा दिवस. तुटलेली जोडणं, दुसऱ्या दिवशी चार वाजता. मापं स्वीकारायची वेळ सकाळी नऊ ते अकरा. शेवटची डबी सहाला. रविवार सेवा नाही. शुक्रवार दुपारनंतर सेवा नाही. खरोखर तातडीचं असेल, म्हणजे कुणाचं लग्न, कुणाची मुलाखत, तर आठवड्याला दोन जागा राखीव. त्याच्या प्रती सतरा डॉक्टरांना गेल्या. पोस्टाने. तिकिटं मी लावली.

"आणि फोन माझ्याकडे दे," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडे? बाबा, त्यांना शेड, साइज..."

"शिकव."

वहिनीने शिकवलं. बाबांना आठवड्याभरात सगळं पाठ. नवाच्या ठोक्याला ते अंगणातल्या खुर्चीत वही घेऊन बसायला लागले. "नमस्कार. आपले काम क्रमांक दोनशे बारा गुरुवारी दुपारी तीन वाजता सुटेल. कृपया नोंद घ्यावी." डॉक्टर मंडळी आधी बावरली, मग त्यांना मजा वाटायला लागली. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे कंटाळा आला की आम्ही उगीचच तुमच्या सासऱ्यांना फोन करतो.

घाईडॉक्टरांना मजा वाटली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी तिथेच होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ते वेळापत्रक वगैरे राहू द्या, मॅडमना फोन द्या."

"मॅडम गाडी चालवताहेत," बाबा म्हणाले.

"गाडी? बरं, चालवता चालवता बोलतील. दोन मिनिटं."

"चालकाशी बोलू नये," बाबा शांतपणे म्हणाले.

घाईडॉक्टरांनी काम दुसरीकडे दिलं. गुरुजींनी एकदा सांगितलं होतं, मोठं गिऱ्हाईक सोडून गेलं की झाडाची सावली गेल्यासारखं वाटतं. वहिनीला तसंच वाटलं असणार. दोन दिवस ती नीट जेवली नाही. फळ्यांवरची रिकामी जागा बघत बसायची. बाबांना उलट बोलली नाही यावरूनच ओळखा किती घाबरली होती. तिसऱ्या दिवशी दादा हात धुता धुता म्हणाला, "बरं झालं. मला त्याचा आवाजच आवडत नव्हता." दादाचं एका दिवसाचं बोलणं त्यातच संपलं, पण वहिनी हसली आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पुढे दोन नवे डॉक्टर आले, सांगितलेल्या दिवशी काम मिळतं एवढंच ऐकून. आधीइतकं काम आजही नाही. आधीइतकं कुणाला हवंही नाही. तीन-चार महिन्यांनी घाईडॉक्टरांकडून एक डबी आली, मुकाट्याने, सकाळी साडेनऊला, नियमाप्रमाणे. बाबांनी नोंद केली. त्यांचा नंबर चौदावा लागला.

चकाकी आणायचं काम वहिनीने आपल्या जुन्या सोबतिणीला दिलं. गुरुजींच्या लॅबमध्ये दोघी शेजारी शेजारी बसायच्या. पण देऊन दिलं जाईना. ती दुपारी घरी गेली की वहिनी तिने चकचकीत केलेल्या कवळ्या काढून पुन्हा घासायची. एकदा सोबतीण छत्री विसरली म्हणून परत आली आणि दारातूनच तिने हे बघितलं. काही न बोलता आत आली, कमरेवर हात ठेवले. "घास, घास. झालं की माझ्या घरी ये. भांडी पडलीत, तीही पुन्हा घासून दे." त्या दिवसापासून वहिनीने कानाला खडा लावला.

सगळं मोजूनमापून चालतं असं नाही. मागच्या महिन्यात बाबा तापाने पडले. फोन पुन्हा वहिनीकडे आला, दोन कवळ्या बिघडून परत आल्या, आणि ती रविवारी सकाळपासून मोटार लावून बसली. दादाने तिच्यासमोर नाश्त्याची ताटली ठेवली आणि स्वतः शेजारच्या स्टूलावर बसून राहिला, ती खाईपर्यंत. मंगळवारी बाबांचा ताप उतरला. त्यांनी आधी फोन मागितला, मग चहा.

शुक्रवारच्या दुपारचं काय करायचं, हा मात्र मोठाच प्रश्न होता. पहिल्या शुक्रवारी वहिनीने कपाटं आवरली. दुसऱ्या शुक्रवारी आवरलेली कपाटं आवरली. तिसऱ्या शुक्रवारी मला पोस्टात तीन फोन. "काय करतेस?"

"शिक्के मारतेय."

"बरं. मार."

शेवटी चिमणीने तिला पोहण्याच्या तलावावर ओढून नेलं. चिमणी पोहायला शिकत होती. वहिनी काठावरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायची. तिथल्या शिकवणाऱ्या बाई दोन आठवडे गप्प राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "काकू, पोरीकडे बघत बसण्यापेक्षा उतरा की. कंबरभर तर पाणी आहे."

वहिनी उतरली. वय त्रेचाळीस, बरोबरचे शिकाऊ सहा-सहा वर्षांचे. पहिल्या महिन्यात ती तलावाची कड सोडेना. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, अंग सैल सोडा, आणि वहिनी जास्तच ताठ व्हायची. एक छोटी मुलगी तिच्याजवळ येऊन म्हणाली, "मला पण आधी भीती वाटायची. मग मी मोठी झाले."

गेल्या शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून बघायला गेले. टॉवेल घेऊन काठावर उभी होते. वहिनीने कड सोडली. हातपाय कसेही मारत, मान वर काढून, तोंडाने 'फू फू' करत ती निघाली. मध्यावर एकदा बुडतेय की काय असं वाटलं. चिमणी पलीकडच्या काठावर उड्या मारत होती. "आई, थांबू नको! थांबू नको!"

वहिनी पोचली. काठ धरून तिने दम घेतला, केस मागे सारले आणि पाण्यातूनच माझ्याकडे बघून ओरडली, "काय गं, किती वेळ लागला?"

"मोजलं नाही," मी म्हटलं.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि वळून पुन्हा निघाली.